रोपाची उंची बघू नका, पिशवी फाडून मूळ बघा

जून लागला की बेळगावपासून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंत रोपवाटिकांच्या दारात टेम्पो उभे राहतात. युवक मंडळं, शाळा, सोसायट्या, नवे लेआउटवाले, सगळ्यांना एकच हवं असतं: पाच-सहा फुटी, टवटवीत, फोटोत उठून दिसेल असं रोप. ते मिळतंही. जाड काळ्या पिशवीत, बांबूच्या काठीला बांधलेलं, शेंड्याला कोवळी पालवी फुटलेलं. या रोपाची आणि त्याच्यासोबत हल्ली मिळणाऱ्या ‘लावून, जगवून देतो’ या सेवेची ही परख आहे. रस्त्याकडेच्या झाडासाठी पैसे मोजताना काय तपासायचं, कुठे फसगत होते आणि का होते, ते इथे सांगतो.

निकाल आधीच देतो. रस्त्याकडेला लावायचं असेल तर १० बाय १६ इंची पिशवीतलं, चार फुटांच्या आसपासचं आणि काठी सोडली तरी सरळ उभं राहणारं रोप सगळ्यांत सरस. कुंपण असलेल्या आवारात, शाळेत किंवा मळ्याच्या बांधावर ६ बाय ९ ची छोटी पिशवीसुद्धा उत्तम चालते. १४ बाय २० ची मोठी पिशवी सगळ्यांत जास्त खपते, पण तिच्यातच सगळ्यांत जास्त रोपं बिघडलेली निघतात.

हे माप पिशवी रिकामी आणि सपाट असतानाचं असतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. माती भरली की ६ बाय ९ च्या पिशवीत जेमतेम दीड लिटर माती मावते, १० बाय १६ मध्ये सात-आठ लिटर आणि १४ बाय २० मध्ये अठरा लिटरच्या घरात. म्हणजे मोठी पिशवी ओली असली की पंचवीस-तीस किलोंचा ऐवज होतो. दोघांनी खालून धरून उचलायला हवी. प्रत्यक्षात टेम्पोतून उतरवताना ती खोडाला धरून ओढली जाते, आत मातीचा गोळा फुटतो आणि बारीक मुळं तुटतात. वरून काहीच कळत नाही. दहा-बारा दिवसांनी पानं गळायला लागली की ‘रोपच खराब होतं’ असं म्हणून माणूस मोकळा होतो.

मोठ्या पिशवीचा दुसरा दोष लपलेला असतो. रोप छोट्या पिशवीत वर्ष-दीड वर्ष राहिलं, मग उचलून मोठ्या पिशवीत बसवलं, तर पहिल्या पिशवीत गोल फिरलेली मुळं तशीच राहतात. सोटमूळ तळाशी जाऊन वळतं, स्वतःभोवतीच गुंडाळलं जातं. असं झाड लावल्यावर चार-पाच वर्षं चांगलं वाढतं. पुढे खोड जाड होतं, गुंडाळलेली मुळंही जाड होतात आणि एकमेकांना आवळतात. मग एखाद्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने पंचवीस फुटी झाड बुडातून उपटून पडतं. आडवं पडलेल्या झाडाचा बुंधा जरूर बघा. मुळांचा पसारा दिसायला हवा तिथे बुट्टीएवढा गोळाच दिसतो, आणि त्या गोळ्याला जुन्या पिशवीचाच आकार असतो.

हे खरेदीच्या वेळीच पकडता येतं. खोड जमिनीलगत दोन बोटांत धरून हळूच हलवा. खोड मातीसकट हललं तर ठीक, खोड हललं आणि माती जागेवरच राहिली तर मूळ पकडलेलं नाही किंवा नुकतंच पिशवी बदललेलं आहे. मग काठीची दोरी सोडा. शेंडा वाकून खाली आला तर ते रोप सावलीच्या जाळीत, दाटीत, उजेडासाठी ताणून वाढलेलं आहे. चार फुटांच्या रोपाचं खोड बुंध्याशी अंगठ्याएवढं तरी जाड हवं, पेन्सिलीएवढं असेल तर नको. पिशवीच्या तळाची भोकं बघा. त्यातून जाड, तपकिरी मूळ बाहेर येऊन खालच्या जमिनीत घुसलेलं असेल, तर उचलताना तेच मुख्य मूळ तुटणार. शेवटची परीक्षा थोडी महागाची, पण शंभर रोपांची मागणी असेल तर दुकानदार नाही म्हणत नाही: एक पिशवी उभी फाडून दाखवायला सांगा. पांढरी, बारीक टोकं मातीभर पसरलेली दिसली तर माल घ्यावा. तळाशी मुळांची चुंबळ दिसली तर सगळा वाफाच तसा असणार.

थोडीशी गुंडाळी असेल तर इलाज आहे. लावताना धारदार विळ्याने मातीच्या गोळ्याचा तळ इंचभर कापून टाकायचा आणि बाजूंना तीन-चार उभे काप द्यायचे, एक सेंटिमीटर खोल. पाऊस सुरू असेल तर हे दुखणं रोप आठवड्यात विसरतं. उन्हाळ्यात मात्र असं करू नका.

नावांचा घोळ हा सीमाभागाचा खास विषय. रोपवाटिकेतल्या पाट्या बहुधा कानडीत असतात आणि मराठीत मागितलं की माळी अंदाजाने देतो. म्हणून नावं पाठ असलेली बरी. होंगे म्हणजे करंज, बेवू म्हणजे कडुनिंब, नेरळे म्हणजे जांभूळ, हुणसे म्हणजे चिंच, कक्के म्हणजे बहावा, अत्ती म्हणजे उंबर, आला म्हणजे वड, अरळी म्हणजे पिंपळ, होळे दासवाळ म्हणजे आपलं ताम्हण. मत्ती मागितली तर ऐन मिळेल, अर्जुन हवा असेल तर होळेमत्ती म्हणायचं. सगळ्यांत जास्त फसगत अशोकाची होते. अशोक म्हणून जे सरळसोट, खांबासारखं झाड सर्रास विकलं जातं ते आसुपालव. खरा सीतेचा अशोक पसरट, गर्द आणि केशरी फुलांचा असतो. आसुपालवाच्या रांगा लावून रस्त्याला सावली मिळत नाही, फक्त कडेला हिरव्या खांबांची ओळ उभी राहते.

आता जातींबद्दल. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, तांबड्या आणि जांभ्याच्या जमिनीवर, पावसाळी पट्ट्यात आहे. अथणी-रायबागकडे पाऊस निम्म्याहूनही कमी होतो आणि जमीन काळी, भेगा पडणारी. एकाच यादीतली झाडं दोन्हीकडे लावणं ही खात्रीशीर चूक. अथणीकडे कडुनिंब बिनतोड आहे. बेळगाव-खानापूरच्या झडीत तोच कडुनिंब खुरटतो आणि पावसाळ्यानंतर त्याचे शेंडे वाळण्याचा रोग धरतो.

बेळगावच्या रस्त्यांसाठी आमची पहिली पसंती करंजाला. मूळ खोल जातं, फांदी सहजी मोडत नाही, ऐन एप्रिलमध्ये नवी गर्द पालवी असते. पानांवर गाठी आणि नागमोडी रेषा दिसतात, त्याने झाडाचं फारसं बिघडत नाही, औषध मारत बसू नका. दुसरं ताम्हण. सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचं झाड, मध्यम उंचीचं, एप्रिल-मेमध्ये जांभळ्या फुलांनी भरतं. मात्र पहिली तीन वर्षं त्याला पाण्याची हयगय चालत नाही. वीजतारांखाली बकुळ लावा. वाढ संथ, मंडळाचे उत्साही कार्यकर्ते कंटाळतील इतकी संथ, पण बारमाही दाट सावली आणि तारांपर्यंत पोचायला वर्षानुवर्षं लागतात. वड, पिंपळ, नांदरुक मैदानाच्या कडेला, तळ्याकाठी किंवा देवळाच्या पाराला शोभतात. गटाराला खेटून ते लावणं म्हणजे पुढच्या पिढीच्या हातात कुऱ्हाड देणं आहे.

गुलमोहर आणि सोनमोहर दिसायला देखणे, पण लाकूड ठिसूळ. वळवात सगळ्यांत आधी मोडतात. गुलमोहराचं आणखी एक: मूळचा मादागास्करचा हा पाहुणा ऊन चढायला लागतं तेव्हाच, फेब्रुवारी-मार्चात, पानं टाकून उघडा होतो. ज्या दोन महिन्यांसाठी झाड लावलं त्याच महिन्यांत सावली नाही. रेन ट्री लावायचा तर चाळीस-पन्नास फूट मोकळी जागा हवी. आणि कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड कितीही झटपट वाढत असलं तरी आणू नका. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. गटारांत, जलवाहिन्यांत मुळं घुसण्याची तक्रार हे त्यामागचं एक कारण.

लावण्याच्या सेवेकडे वळू. रस्त्याकडेला तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा लागतो, म्हणजे २७ घनफूट. ठेकेदार यंत्राच्या गिरमिटाने फूटभर व्यासाचं गोल भोक पाडतात आणि त्याला खड्डा म्हणतात. काळ्या, चिकट जमिनीत अशा भोकाच्या भिंती मडक्यासारख्या गुळगुळीत होतात, मूळ त्यातून बाहेर पडत नाही, आणि जुलैत त्यात पाणी साचून रोप बुडतं. यंत्र वापरलंच तर कुदळीने भिंती खरवडून घ्यायला लावा. जांभ्यात उलट अडचण: पाणी भराभर निघून जातं. तिथे खड्ड्याच्या तळाशी चार-पाच बुट्ट्या गाळाची माती घालावी.

खत जास्त घातलं की झाड जोमाने वाढतं, हा समज घातक आहे. कुजलेलं शेणखत खड्ड्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको. जास्त झालं तर मुळं त्या मऊ, गोड मातीतच घुटमळतात, बाहेरच्या कठीण जमिनीत शिरत नाहीत. शिवाय खत कुजून बसतं, रोप चार-सहा इंच खाली जातं, बुंध्याशी पाणी थांबतं आणि साल कुजते. कच्चं शेण असेल तर वाळवी ठरलेलीच. एक किलो निंबोळी पेंड मातीत मिसळली की तेवढ्यापुरतं भागतं. लावताना खोड आणि मुळाचा सांधा जमिनीच्या बरोबरीत किंवा बोटभर वर राहिला पाहिजे.

पाच जूनला, पर्यावरण दिनी, रोपं लावायची घाई होते. बेळगावात तोवर पाऊस लागून राहिलेला नसतो. वळवाचे दोन-चार फटके बसलेले असतात, एवढंच. जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलं तर पहिल्या महिन्याची मर एकदम घटते. अथणीकडे तर ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस जास्त भरवशाचा.

खरा पैसा पाण्यात जातो आणि तोच अंदाजपत्रकात नसतो. हिशेब करून बघा. पहिल्या वर्षी नोव्हेंबर ते मे, तीस आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी वीस लिटर: साठ पाळ्या, एका रोपाला बाराशे लिटर. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा तीस लिटर: तीस पाळ्या. तिसऱ्या वर्षी जानेवारी ते मे पंधरवड्यातून एकदा: दहा पाळ्या. म्हणजे तीन वर्षांत शंभर पाणीपाळ्या. पाच हजार लिटरच्या टँकरमध्ये पहिल्या वर्षीच्या अडीचशे रोपांची एक पाळी निघते. ‘जगवून देतो’ म्हणणाऱ्याच्या करारात हा शंभराचा आकडा लिहून घ्या, आणि पैसे लावल्यावर न देता जगल्यावर द्या. कर्नाटक वनखात्याची कृषी अरण्य प्रोत्साह योजना शेतकऱ्यांसाठी याच तत्त्वावर चालते. २०११-१२ पासून शेतकऱ्याला प्रोत्साहनाची रक्कम मिळते ती तीन वर्षांत जिवंत राहिलेल्या रोपांवर, टप्प्याटप्प्याने. शहरातल्या लागवडीला हाच नियम का लावू नये, याचं पटण्यासारखं कारण अजून कुणी दिलेलं नाही.

पाण्याची बचत करायची तर उसाचं पाचट आहेच. आपल्या भागात ते शेतात पेटवलं जातं. तेच तीन इंच जाडीने आळ्यात पसरलं तर पाण्याची एखादी पाळी चुकली तरी रोप तग धरतं. बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर उंदीर आणि वाळवी दोन्ही येतात.

एवढा खटाटोप कशासाठी, हेही नीट समजून घ्यायला हवं. एक लिटर पाणी पानांतून वाफ होऊन जाताना हवेतली सुमारे ०.६८ युनिट (वीजबिलावर असतं तेच युनिट) उष्णता घेऊन जातं. ओल असलेल्या जमिनीतलं मोठं झाड दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी सोडू शकतं. म्हणजे ६८ युनिट उष्णता, दीड टनाचा एसी तेरा तास चालवून जेवढी ओढली जाईल तेवढी. ही उष्णता वाऱ्याबरोबर पसरते, त्यामुळे झाडाखाली एसीसारखं गार लागत नाही. हवेच्या तापमानात फरक पडतो तो एक ते पाच अंशांचा. मोठा फरक सावलीचा. उन्हातल्या डांबराच्या मानाने सावलीतला पृष्ठभाग दहा ते पंचवीस अंशांनी थंड असू शकतो, आणि रात्री घरांच्या भिंतींतून बाहेर पडणारी झळ तेवढीच कमी होते. मात्र मुळाशी पाणी नसेल तर पानं आपली छिद्रं मिटून घेतात आणि वाफेचा गारवा बंद पडतो. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं झाड सावली देतं, पण त्याचं अर्धं काम थांबलेलं असतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला. तेवढं अंतर तर आपल्या प्रत्येक गल्लीत सोडता येईल.

आता मोठं झाड तोडताना दिल्या जाणाऱ्या ‘एक तोडलं तर दहा लावू’ या आश्वासनाबद्दल. घेराचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. दहा मीटर पसरलेल्या झाडाची सावली ७८ चौरस मीटर, मीटरभर पसरलेल्या रोपाची पाऊण चौरस मीटर. दहा रोपं मिळून आठ चौरस मीटर होत नाहीत. एका झाडाची बरोबरी करायला शंभर रोपं लागतील, तीही सगळी जगली तर. वळवाची पहिली सर त्या मोठ्या झाडाच्या पानांवरच थोडी अडते. एक मिलिमीटर पाणी पानांनी धरलं तरी ७८ लिटर गटारात जायचं वाचलं. जुलैच्या संततधारेत हा फायदा उरत नाही, तेव्हा उपयोगी पडते ती आळ्याची मोकळी माती. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. परवानगीच्या अर्जावर ‘बदली दहा रोपं’ असं लिहिलेलं दिसलं की हा वर्गाचा हिशेब सोबत जोडावा.

झाड उचलून दुसरीकडे लावण्याची सेवाही मिळते. तिला आम्ही फार कमी गुण देतो. खोडाच्या जाडीच्या दहापट व्यासाचा मुळांचा गोळा लागतो. फूटभर जाड खोडाला दहा फुटी गोळा, त्याचं वजन दहा टनांच्या वर. प्रत्यक्षात तीन-चार फुटी गोळा उचलला जातो, म्हणजे बहुतेक मुळं जागेवरच राहतात. वड-पिंपळ यातूनही वाचतात, बाकीची दोन उन्हाळ्यांत हळूहळू सुकतात.

मियावाकी पद्धतीची दाट लागवड, चौरस मीटरला तीन ते पाच रोपं, शाळेच्या मागच्या कोपऱ्यात, ओसाड गुंठ्यात चांगली. पाखरं येतात, धूळ अडते. रस्त्याला तिचा उपयोग नाही.

हवामान बदलाच्या नावाखाली रोपं विकली जातात तेव्हा मोजमाप लक्षात ठेवा. एक टन सुक्या लाकडात सुमारे अर्धा टन कार्बन असतो, म्हणजे १.८ टन कार्बन डायऑक्साइड, साधारण आठशे लिटर पेट्रोलच्या धुराइतका. तेवढं लाकूड तयार व्हायला झाडाला कित्येक वर्षं लागतात. शहरातली झाडं शहराला गार ठेवतात. कार्बनचा आणि पाण्याचा मोठा साठा खानापूरच्या रानात आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई भीमगडच्या जंगलात. त्या रानावर सौंदत्तीचा जलाशय आणि हुबळी-धारवाडचे नळ अवलंबून आहेत. शंभर रोपांच्या बदल्यात तिथला एक एकर देण्याचा सौदा कधीच परवडणारा नाही.

शेवटी जाळी. लोखंडी जाळी दीड फूट व्यासाची, पाच फूट उंच हवी, शेळीची मान पोचू नये इतकी. बुरूड गल्लीतली बांबूची जाळी दोन पावसाळे टिकते आणि तापत नाही. सावलीच्या जागेत आम्ही तीच घेऊ. देणगीदाराच्या नावाचा पत्रा जाळीला लावायचा तर उत्तरेच्या बाजूला, वीतभर उंचीचा. चारही बाजूंनी पत्रा ठोकला तर आतलं रोप अंधारात पिवळं पडतं. रोप दोन काठ्यांना जुन्या सायकलच्या ट्यूबने, इंग्रजी आठच्या आकड्यात, उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात बांधा. वाऱ्याने वरचा भाग हलला पाहिजे, त्यानेच खोड जाड होतं. वर्षाने काठ्या काढा. जाळी चौथ्या पावसाळ्याआधी काढा, खोड तिला टेकायच्या आत. एकदा लोखंड सालीत रुतलं की ते कापून काढावं लागतं आणि त्या जखमेतून खोड पोकळ व्हायला लागतं. काढलेल्या जाळीला गंजावर एक हात रंग दिला की ती पुढच्या जूनला दुसऱ्या रोपाला चालते.